दारावर आलेले

शिल्पातल्या शर्टाच्या बाहीवर बसलेली धूळ धनश्रीने ओढणीच्या टोकाने पुसली आणि पुन्हा हसरा चेहरा करून ती उभी राहिली.

"बहु सरस, बेन," एक गुजराती गृहस्थ कौतुकाने म्हणाले.

तिने हात जोडले. संध्याकाळपासून ती हात जोडत होती आणि आत काहीच हलत नव्हतं.

प्रदर्शनातलं हे सगळ्यांत मोठं काम. भंगारातून आणलेली यंत्रमागाची चौकट, तिला टांगलेले, आडवं सूत ओढणारे धोटे आणि मधे तिच्या वडिलांचे तीन शर्ट, सिमेंटात बुडवून कडक केलेले. तिचा बाप चिंधा सुरतेत माग चालवता चालवता म्हातारा झाला आणि कोरोनात इस्पितळातूनच परस्पर गेला. घरी ना प्रेत आलं, ना दारावर कोणी सांत्वनाला बसायला आलं. रडायचं तेव्हा राहूनच गेलं. हे घडवताना तरी रडू फुटेल, अशी तिला आशा होती. कसलं काय! सिमेंटाने हात तेवढे सोलवटले. बापाचे कपडे आपण नुसते मिरवायला काढलेत, असं तिला आज वाटत होतं. आई तर आलीच नव्हती.

काचेचं दार ढकलून दोघे आत आले. वडिलांबरोबर एकाच कारखान्यात राबलेले भिकनकाका आणि लोटूकाका. अंगावर कामाच्या पाळीवरचेच कपडे, केसांत सुताचे तंतू. मागांच्या खडखडाटाने कान गेलेली ही माणसं एरवी ओरडूनच बोलायची. आज चूप होती. चपला त्यांनी बाहेर काढल्या होत्या, आणि ते पाहून मागून येणारे दोन पाहुणेही गोंधळून बूट काढू लागले होते.

"काका, खुर्चीवर बठा ना."

"ऱ्हाऊ दे, माय."

दोघे शिल्पासमोर फरशीवरच मांडी घालून बसले. शर्टांकडे त्यांनी धड पाहिलंही नाही. पुढे आलेलं सरबत लोटूकाकांनी हातानेच परतवलं. माना खाली घालून ते बराच वेळ बसून राहिले.

"तव्हय येता उनं नही, पोरी," शेवटी भिकनकाका म्हणाले.

तेव्हा कोणालाच येता आलं नव्हतं. धनश्रीने मान हलवली.

मग दोघे उठले. ती सवयीने दारापर्यंत गेली. 'परत या' अगदी ओठांवर आलं होतं. पण काकांनी चपला घातल्या आणि मागे न पाहता ते पायऱ्या उतरले. 'येतो' म्हणाले नाहीत. सांत्वनाला दारावर आलेला माणूस जाताना तसं म्हणत नाही. तिनेही शब्द गिळला.

"मॅडम, एक फोटो?" मागून कोणीतरी विचारलं.

ती परत आली, काका बसले होते तिथे फरशीवर बसली आणि ओढणीचं ते धुळकट टोक तिने तोंडाशी धरलं.