डाव्या बाजूची माणसं

उंबऱ्याशी ठेवलेली घागर विरूपाक्षच्या पायाने कलंडली आणि बघता बघता सगळं पाणी अंगणात गेलं.

"इथं कुणी ठेवली ही?" तो ओरडला.

नीलम्मा आतून धावत आली. २०१६चा एप्रिल होता. लातूरच्या नळाला कित्येक आठवडे पाणी नव्हतं, आठ दिवसांनी टँकर यायचा आणि घरटी दोनशे लिटर मिळायचं. मिरजेहून आगगाडीनं पाणी आणत होते. अशा दिवसांत भरलेली घागर सांडणं म्हणजे घरात चोरी झाल्यासारखंच होतं.

"दोन महिने झाले, तिथंच असती की," ती हळू म्हणाली. "काल तुम्हीच भरून ठेवली."

तो आत गेला. जाताना त्याचा खांदा दाराच्या चौकटीला लागला. गेल्या काही महिन्यांत असं पुष्कळदा झालं होतं. शेजारची धोंडाबाई गल्लीत बाजूने हसून हात करी आणि हा पुढे निघून जाई. त्याला शिष्टपणा आला असं ती म्हणे. नीलम्माला वाटे, त्याचं सगळं ध्यान त्या नकाशात आहे.

नकाशा युरोपातल्या स्लोव्हेनियाचा होता. त्यांची एकुलती मुलगी शिवगंगा जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करायला दोन वर्षांसाठी त्या देशात गेली होती. जुलैत तिला आठ दिवसांची सुट्टी होती आणि दोघांना तिकडे बोलावून त्यांची विमानाची तिकिटं ती काढणार होती. "देश एवढासा आहे आप्पा," ती फोनवर म्हणाली होती. "लातूर आणि नांदेड जिल्हे जोडले तर जवळपास तेवढाच. आठ दिवसांत सगळा बघून होईल."

"मग गाडी भाड्यानं घे. मी चालवतो," विरूपाक्ष लगेच म्हणाला होता.

शिवगंगाला गाडी येत नव्हती. विरूपाक्षने मात्र एकोणतीस वर्षं एसटी चालवली होती. लातूर नवीन जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षी तो लागला आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झाला. एवढ्या काळात एकही अपघात नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला आणि प्रमाणपत्र काचेत घालून त्याने भिंतीवर लावलं होतं. आता तो रोज चष्मा लावून नकाशावर बसे. ब्लेडचं तळं, पोस्टोयनाची गुहा, पिरानचा समुद्र. पण खरा जीव अडकला होता तो एका घाटात. पन्नास वळणं, प्रत्येक वळणाला नंबर. "बालाघाटात बस काढलेला माणूस हाय मी," तो म्हणे. तिकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून जेवताना ताटवाट्या मांडून तो नीलम्माला वळणं समजावून सांगे. परदेशात चालवायचा परवानाही त्याने काढला होता. डॉक्टरांसमोर त्याने तक्त्यावरची शेवटची, सगळ्यांत बारीक ओळ धडाधड वाचली होती.

हात बसावा म्हणून त्याने नीलम्माच्या भावाची, मन्मथची गाडी दोन दिवसांसाठी मागून घेतली. नांदेडला नीलम्माची बहीण गुरम्मा होती. एक रात्र तिच्याकडे राहून, पाण्याचे दोन कॅन भरून घेऊन, दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं परत निघाले.

वाटेतल्या लोह्याच्या अलीकडे एक मोटारसायकल डावीकडून इतकी जवळून गेली की नीलम्माच्या बाजूचा आरसा तिला घासला. मोटारसायकलवाल्याने मागे वळून शिवी दिली.

"काय झालं?" विरूपाक्षने विचारलं.

"तुम्हाला दिसला न्हाई?"

"कोण?"

आता तिचं लक्ष रस्त्यावरून हलेना. समोरचं तो नीट बघत होता. खड्डा चुकवत होता, लांबच्या ट्रकला वाट देत होता. बाजूने काही आलं की मात्र ते त्याच्या लेखी नव्हतंच. कुत्रं आडवं आलं, तेव्हा अगदी नाकासमोर आल्यावर त्याने ब्रेक मारला.

"जरा हळू घ्या."

"चाळीसवर चाललोय. कामून घाबरून राहिली?"

लोह्याच्या पुढे एका गावाबाहेर टँकर विहिरीत रिकामा होत होता. रस्त्याच्या डाव्या अंगाला पंधरा-वीस बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. डोक्यावर भरलेला हंडा, कमरेवर कळशी घेऊन त्यांतली एक रस्ता ओलांडायला पुढे झाली. नीलम्माने ती पाहिली. गाडी थोडीही मंदावली नाही.

"अहो, बाई! बाई!"

"कुठं?"

नीलम्माने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी किंचाळत तिरकी झाली आणि थांबली. बाई मागच्या मागे पडली. हंड्यातलं पाणी सांडलं, तो रस्त्यावर ठणठणत गेला, कळशी चाकाखाली चेपली.

पुढच्या क्षणी गाडीला माणसांचा वेढा पडला.

"पिऊन चालवतो का रं?" एकाने दार उघडून विरूपाक्षची गचांडी धरली. "उतर खाली!"

विरूपाक्ष उतरला. "मला दिसलीच न्हाई," तो एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"भर दुपारी दिसली न्हाई?"

नीलम्मा गर्दीतून त्या बाईपाशी पोचली. तिचं नाव सरजाबाई. कोपर सोललं होतं, बाकी धडधाकट होती. ती दुखण्याचं बोलतच नव्हती. "सकाळी सातपासून उभी हाव मी," ती म्हणत होती. "सकाळी सातपासून."

"बाई, चूक आमचीच हाय," नीलम्मा म्हणाली. "दवाखान्यात चला."

"दवाखाना काय करू? पाणी द्या माझं!"

नीलम्माने डिकी उघडली. नांदेडहून आणलेले दोन्ही कॅन तिने स्वतः उचलून सरजाबाईसमोर ठेवले. सरजाबाई त्यांच्याकडे बघत राहिली, मग पदराने डोळे पुसू लागली. गचांडी धरणाऱ्याने हात सोडला. "जावा," तो म्हणाला. "पण हा माणूस चालवणार असंल तर जाऊ देणार न्हाई."

"न्हाई चालवणार," नीलम्मा म्हणाली.

गर्दी पांगली. विरूपाक्ष रस्त्याकडेच्या दगडावर बसला होता. नीलम्मा त्याच्या शेजारी उभी राहिली.

"समोर बघा. मान हलवू नका." तिने आपला हात त्याच्या कानाच्या रेषेत धरला, मग थोडा पुढे आणला. "दिसतोय?"

"न्हाई."

हात गालापाशी आला. "आता?"

"न्हाई."

जवळजवळ नाकासमोर हात येईपर्यंत तो नाहीच म्हणत राहिला.

"कधीपासनं?"

"दिवाळीपासनं कळाय लागलं. नळीतनं बघितल्यावाणी दिसतं." त्याने मान खाली घातली. "सांगितलं असतं तर गाडी सुटली असती. मग मी कोण उरलो असतो?"

"आणि मी शेजारी बसले होते, त्याचं?"

त्याने गाडीची किल्ली तिच्या हातात दिली.

जवळच्या पेट्रोल पंपावर गाडी लावून त्यांनी मन्मथला फोन केला. पंपावरच्या माणसाने गाडी तिथवर नेऊन दिली होती. मग दोघं एसटीने लातूरला आले. ड्रायव्हर ओळखीचा निघाला. "या की, पुढं बसा," तो म्हणाला. विरूपाक्ष मागच्या बाकावर जाऊन बसला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तासभर तपासलं. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली टिकवायची तर रोज औषध घालायचं आणि गाडी पुन्हा चालवायची नाही.

विरूपाक्षने एकच प्रश्न विचारला. "हे सुरू कधी झालं असंल?"

"नक्की सांगता येत नाही. हळूहळू होतं. पाच वर्षं, सहाही असू शकतील."

बाहेर पायरीवर तो थांबला. "चार वर्षांपूर्वी मी बस चालवत होतो, नीला. चव्वेचाळीस माणसं असायची मागं. डावीकडं कोण होतं, मला काय ठाऊक? नशीब म्हणून बिल्ला मिळाला."

घरी आल्यावर त्याने काचेतलं प्रमाणपत्र उतरवून कपाटात ठेवलं. नकाशाची घडी घातली. "पोरीला सांग, जमत न्हाई म्हणून. कारण सांगू नको."

"मी जाणार हाय," नीलम्मा म्हणाली. "तुम्ही यायचं का न्हाई, ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि कारण मी सांगणार न्हाई. तुमची जिम्मेदारी हाय ती."

चार दिवस तसेच गेले. सांगितलेल्या वेळी ती डोळ्यांत थेंब घाली, तो निमूट मान वर करी. पाचव्या दिवशी नीलम्माने शिवगंगाकडून तिकडच्या बस आणि रेल्वेच्या वेळा मागवल्या आणि वही घेऊन बसली. तासाभराने विरूपाक्ष तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"हे काय लिहिलं? बस सहाला पोचती आणि रेल्वे सहा पाचला सुटती?"

"पाच मिनिटं हायेत की."

"सामान घेऊन? अनोळखी स्टँड, फलाट कुठं ते ठाऊक न्हाई. वीस मिनिटं तरी पाहिजेत." त्याने खुर्ची ओढली. हाताने चाचपून, नीट बघून तो बसला. "दे इकडं."

एकोणतीस वर्षं वेळापत्रकावर जगलेला माणूस होता तो. दोन दिवसांत त्याने आठही दिवस बसवले. घाटातली बस जूनअखेर सुरू होत होती, तीही धरली.

मग त्याने स्वतःच फोन लावला.

"शिवगंगा, गाडी भाड्यानं घेऊ नको," तो म्हणाला आणि थांबला. नीलम्मा दारात उभी होती. तिने मदत केली नाही. "माझे डोळे गेलेत पोरी. समोरचं दिसतं, बाजूचं न्हाई. मागच्या आठवड्यात एक बाई माझ्या गाडीखाली येता येता वाचली. तुझ्या आईनं वाचवली. मी सहा महिने लपवलं."

पलीकडून हुंदका ऐकू आला.

"आप्पा, मला आधी का नाही सांगितलं?"

"भ्यालो," तो म्हणाला. "रडू नको. वही समोर हाय माझ्या. घाटाची बस मंगळवारी सकाळची हाय. तीन जागा लाव आणि मला मधली दे, एकीकडं तू, एकीकडं तुझी अव्वा. बाजूला काय आलं ते तुम्ही सांगत चला. मी मान वळवून बघंन."