शंभर भागांत मीठ

सकाळी सव्वादहाला मी पोचले तेव्हा वाघरीत, म्हणजे कळपाभोवती लावलेल्या जाळ्यात, तेवीस मेंढ्या मरून पडल्या होत्या. एकवीस आडव्या होत्या, पण त्यांच्या बरगड्या हलत होत्या. चौदा उभ्या होत्या, त्यांत एक मेंढा. बाजूच्या लहान जाळीत अकरा कोकरं होती. एक लोखंडी घमेलं होतं आणि त्यात चार पांढरट खडे. तीन मुठीएवढे, चौथा चाटून चाटून लिंबाएवढा उरलेला. मी दोनदा मोजलं. मोजणं संपलं की आबांकडे बघावं लागणार होतं.

आबा माझे वडील. ऊस तुटल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात ते दरवर्षी मेंढ्या बसवतात. लेंड्यांचं खत शेताला मिळतं, मेंढ्यांना पाचट. १९९९ च्या त्या फेब्रुवारीत कळप दौंड तालुक्यात, केडगावच्या पुढे पोपटरावांच्या शेतात होता. मी शिक्रापूरला एका कारखान्याच्या लॅबमध्ये होते. बी.एस्सी. होऊन दीड वर्ष झालं होतं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि आबा हे अनोळखी माणसालासुद्धा दुसऱ्या मिनिटाला सांगत.

साडेसातला पोपटरावांच्या घरून आईचा फोन आला होता.

"साधे, मेंढ्या पडाय लागल्यात. पाय धरंना झाल्यात."

"काय खाल्लं?"

"काय न्हाई. काल दिवस मावळताना मीठ दिलं, तवापासनं."

"कसलं मीठ?"

"तुझ्या कंपनीचं," आई म्हणाली.

ते मीठ आबांपर्यंत कसं गेलं, हे मला ST त बसल्यावर नीट कळलं. विचारायला कोणी नव्हतं, पण दगडखाणीतल्या लाद्यांचं आईने फोनवर सांगितलं होतं आणि बाकीचे दुवे माझ्याकडेच होते. गेल्या गणपतीत आबा मला भेटायला शिक्रापूरला आले होते. कारखान्याच्या गेटसमोर चहा पिताना त्यांनी विचारलं, "तू तिथं नेमकं करतीस काय?"

"मीठ तपासते."

"कसलं मीठ?"

"भट्टीतलं. मीठ वितळवतात, त्यात लोखंडाची हत्यारं बुडवून तापवतात. मग ती कडक होतात."

"म्हंजी तेलात भजी तळत्यात तसं."

"तसंच."

"लोखंडाची भजी," आबा म्हणाले आणि चहावाल्याकडे बघून हसले. "आन् माझी पोरगी मीठ बरोबर पडलंय का बगती."

त्या भट्टीतल्या मिठात तीन चतुर्थांश बेरियम क्लोराइड असतं. हे मला माहीत होतं, रोज माहीत होतं. पण कारखान्यात साहेबापासून हमालापर्यंत सगळे त्याला मीठ म्हणतात किंवा सॉल्ट म्हणतात, आणि बेरियम क्लोराइड हा शब्द आबांच्या हातात देऊन काय होणार, असं मला वाटलं. शाळेच्या पुस्तकात यालाच क्षार म्हटलेलं आहे. मी क्षार म्हटलं असतं तर आबांनी त्याच्याजवळ मेंढरू फिरकू दिलं नसतं. आमच्याकडे क्षार म्हणजे जमीन खाणारी गोष्ट. क्षार फुटलेल्या वावरातून आबा कळप वळवून नेतात. माझ्याजवळ दोन शब्द होते. मी सोपा दिला.

दिवाळीनंतर कळप घेऊन शिरूरकडून खाली येताना शिक्रापूरच्या अलीकडे एका जुन्या दगडखाणीत त्यांना पांढऱ्या लाद्या टाकलेल्या दिसल्या. खराब झालेलं मीठ भट्टीतून काढून पत्र्याच्या ट्रेमध्ये ओततात, ते थिजून अशा लाद्या होतात. जनावरांच्या दवाखान्यात चाटायच्या विटा मिळतात, दिसायला साधारण तशाच. आबांनी ओळखलं. पोरीच्या कंपनीचं मीठ, फुकट वाया चाललेलं. त्यांनी एक लादी फोडून घोड्यावर लादली आणि मेंढ्यांचं विकतचं मीठ संपेपर्यंत जपून ठेवली.

लॅबच्या भिंतीवर एक इंग्रजी तक्ता होता: बेरियमची विषबाधा झाल्यास मॅग्नेशियम सल्फेट पाण्यातून पाजावे. त्याखालच्या पेटीत अर्ध्या किलोची दोन सीलबंद पाकिटं होती. माझ्या माहितीत ती कोणी उघडली नव्हती. ती पर्समध्ये घालून मी निघाले होते.

"आबा," मी म्हणाले, "घमेलं उचला आधी."

ते घमेल्याशेजारी उकिडवे बसले होते. रात्री त्यांना दोनदा उलटी झाली होती, हे आईने मला हळूच सांगितलं. मीठ घालण्याआधी धनगर खडा स्वतःच्या जिभेवर ठेवतो. कडू लागला तर मेंढीला देत नाही. आबांनी ठेवला होता.

"कडू लागला का?"

"जरासा. म्हणलं भट्टीत करपलं आसंल." त्यांनी वर बघितलं. "हे मीठ न्हवं का?"

"मीठ आहे. पण खायचं नाही. यात बेरियम आहे, ते विष आहे."

आईने पदराने तोंड पुसलं. "बेरियम? मला पाजलं व्हतं की पुण्याला, पोटाचा फोटू काढताना. गिलासभर. चुन्यासारखं."

"ते वेगळं, आई. ते पाण्यात विरघळत नाही. पोटातून जसंच्या तसं निघून जातं. हे विरघळतं, रक्तात जातं. मग स्नायूंतला जोर जातो. पाय जातात, शेवटी श्वास." मी पाकीट काढलं. "ह्याचं त्याच्यात रूपांतर करायचं. हे पाजलं की पोटात जेवढं विष शिल्लक आहे त्याचं तुझ्या त्या फोटोच्या औषधासारखं होईल. विरघळणार नाही, बाहेर पडेल."

हे सगळं खरं होतं. मी ते परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला पूर्ण गुण मिळाले होते.

आबांनी पाकिटातली चिमूट बोटांवर घेतली. स्वच्छ पांढरे, लांबट दाणे. "ह्ये काय म्हणायचं?"

या वेळी चूक करायची नाही असं मी ठरवलं होतं. "मॅग्नेशियम सल्फेट."

"म्हंजी?"

"जनावरांचे डॉक्टर देतात ना पोट साफ करायला. ते." दुसरा शब्द मला सापडेना. "जुलाबाचं मीठ," मी म्हणाले.

त्यांनी बोटं झाडली.

मी कळशीत पाणी घेतलं, पाकीट ओतलं, ढवळलं. एका आडव्या मेंढीचं डोकं आईने मांडीवर धरलं आणि मी बाटलीने पाजलं. पडलेल्या जनावराला पाजणं ही वेगळी विद्या आहे, हे मला त्या वेळी कळलं. पाणी गालाच्या कडेने वाहिलं, काही घशात गेलं, काही बहुधा श्वासनळीत. मेंढी खोकली. तिच्या नाकातून फेस आला. सात-आठ मिनिटांत ती गेली. ती माझ्या पाण्याने गेली की बेरियमने, हे ठरवायला माझ्याकडे काही साधन नाही.

मी दुसरीकडे वळले तेव्हा आबांनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली. हिसकली नाही. काढून घेतली आणि बांधावर ठेवली.

"बास," ते म्हणाले.

"आबा, वेळ जातोय. अजून वीस आहेत."

"मला मोजता येतंय."

"या विषावर दुसरं औषध नाही. खरंच सांगते."

"मागल्या टायमालाबी तू खरंच सांगितलं व्हतंस."

पोपटराव मागे येऊन उभे होते. ते म्हणाले, "आबा, पोरगी शिकलेली हाय. आयका तिचं."

"म्हनून तर आयकलं, मालक." आबांचा आवाज अजिबात चढला नाही. "एक बेरियम विष, एक बेरियम औषध. एक मीठ विष, एक मीठ औषध. आमी कशावरनं वळखायचं? तोंडावरनं?"

मी पेला भरला आणि त्यांच्यासमोर प्यायले. सगळा. मॅग्नेशियम सल्फेट अतिशय कडू असतं. "बघा," मी म्हणाले, "काही होत नाही."

आबांनी रिकामा पेला माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, "मीबी चाखूनच घातलं व्हतं, पोरी."

याला उत्तर होतं. मात्रा, वजन, एका खड्याची चव आणि रात्रभराचं चाटणं यांतला फरक. मी ते सांगितलं नाही, कारण त्यांच्या वाक्यात चूक नव्हती. माझा प्रयोग आणि त्यांचा प्रयोग एकच होता आणि त्यांचा आधी होऊन गेला होता. त्याचा निकाल समोर पडलेला होता.

"आई, तू तरी धर," मी म्हणाले. आईने आबांकडे पाहिलं आणि ती कोकरांच्या जाळीकडे निघून गेली. एकटीने मेंढी धरून पाजायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा पाणी जमिनीत गेलं.

पोपटराव मोटारसायकल काढून जनावरांच्या डॉक्टरांना आणायला गेले. डॉक्टर लसीकरणाला दुसऱ्या गावी होते. दुपारभर आम्ही तिघं बाभळीच्या सावलीत बसलो. आबांनी मधे मला विचारलं, "जेवलीस का?" मी नाही म्हटलं. त्यांनी फडक्यातली भाकरी माझ्याकडे सरकवली. तिच्यासोबत मिरचीचा ठेचा होता. त्यात मीठ नव्हतं. आईने पिशवीतलं स्वयंपाकाचं मीठसुद्धा सकाळीच ओढ्यात टाकलं होतं.

"न्हावऱ्याचा बन्सी धनगर भेटला व्हता वाटंत," आबा थोड्या वेळाने म्हणाले. "त्येलाबी म्हणलं व्हतं, खाणीतनं ने म्हणून. नेलं का न्हाई कुणास ठावं."

"त्यांना कळवते. आजच."

"काय कळवशील?"

मी विचार केला. "विष आहे म्हणून."

"हां," आबा म्हणाले. "निस्तं तेवढंच सांग."

पाच वाजता डॉक्टर आले. पडलेल्या वीसपैकी दोन जिवंत होत्या. उभ्या चौदापैकी नऊ उभ्या होत्या, पाच गेल्या होत्या. मी डॉक्टरांना बेरियम क्लोराइड सांगितलं. त्यांनी पिशवी चाचपली आणि विचारलं, "मॅगसल्फ आहे का तुमच्याकडे? माझ्याकडचं संपलंय."

मी बांधावरची बाटली आणि दुसरं पाकीट दिलं. डॉक्टरांनी मेंढीचं तोंड कसं धरायचं ते दाखवलं, मान फार वर न करता, जिभेच्या कडेने, थोडं थोडं. आबांनी त्यांना एकेक मेंढी धरून दिली. अकरा जणींना पाजून झालं. ते माझंच पाकीट होतं हे आबांनी पाहिलं होतं. त्यांनी रिकामी पिशवी उचलली, घडी घातली आणि माझ्या पर्सवर ठेवली.

डॉक्टर हात धुताना म्हणाले, "सकाळी मिळालं असतं तर बऱ्याच वाचल्या असत्या."

डॉक्टरांना वाटलं, आपलं बोलणं ऐकू गेलं नाही. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ मेंढ्या उभ्या होत्या. पन्नास मेल्या होत्या. पोपटरावांच्या ट्रॅक्टरने बांधाकडेला खड्डा घेतला. मांस कोणी नेऊ नये म्हणून मी खड्ड्याजवळ थांबून राहिले. तेवढं एक माझं आबांनी ऐकलं. अकरा कोकरांपैकी दोघांच्याच आया त्या आठांत होत्या. मेंढी दुसरीचं कोकरू सहज पाजत नाही. आई एकेकीचे पाय धरून कोकरांना खाली लावत होती आणि त्या लाथा मारत होत्या.

मी निघताना आबांनी घमेल्यातला एक खडा वर्तमानपत्रात गुंडाळून मला दिला.

"तू हेच तपासतीस न्हवं का?"

"हो."

"मग ह्येच्यात आपलं मीठ किती व्हतं त्ये बग. खायचं."

"कशाला आबा?"

"तू मीठ म्हणलीस," ते म्हणाले. "त्यात खरं किती व्हतं, मला कळाय पायजे."

सोमवारी मी आमचे शिफ्ट इन्चार्ज विश्वजीत यांना सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. मग ते म्हणाले, "पण ते आपलंच सॉल्ट कशावरून? स्क्रॅप कॉन्ट्रॅक्टर नेतो. या पट्ट्यात भट्ट्या काय आपल्याच आहेत का?" आणि थोडं थांबून, "टेस्ट करायची तर जेवणाच्या सुट्टीत कर. रजिस्टरला चढवू नकोस."

जेवणाच्या चार सुट्ट्या त्यात गेल्या. खड्याच्या वेगवेगळ्या बाजूंनी तुकडे काढून बारीक केले, वाळवले. दोन नमुने तोलले, ०.५०१६ आणि ०.५००३ ग्रॅम. पाण्यात विरघळवून गाळले, उकळीवर आणून थेंबथेंब सौम्य सल्फ्युरिक आम्ल घातलं. पांढरा साका बसला. आईला पाजला होता तो हाच पदार्थ. तो गाळला, धुतला, भट्टीत भाजला, थंड करून तोलला: ०.४१०८ आणि ०.४०९३ ग्रॅम. दोन्ही आकडे जुळत होते. नंतर वेगळ्या नमुन्यावर क्लोराइडचं अनुमापन तीनदा केलं आणि बेरियमच्या वाट्याचं क्लोराइड त्यातून वजा केलं. उरलं ते खायच्या मिठाचं.

आबा चौथी शिकलेले आहेत. त्यांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत मी पोपटरावांच्या पत्त्यावर कार्ड लिहिलं. वर तारीख घातली. खाली लिहिलं:

शंभर भागांत बेरियमचा क्षार ७३.० भाग. न विरघळणारा गाळ ४.६ भाग. खायचं मीठ २१.८ भाग.