जखमेभोवतीचा तपकिरी रंग

“पडल्याबरोबर गेला म्हणालात. तुम्ही खोटं बोललात, साहेब.”

यशस्विनीनं फोनवर एवढंच सांगितलं. पलीकडचा श्वास तिला ऐकू येत होता. मग फोनच तुटला.

“सुम्मे राहा, गप्प राहा म्हटलं होतं ना तुला,” समोर बसलेला डॉक्टर चिदंबर म्हणाला. भुवनचं शवविच्छेदन त्यानंच केलं होतं. त्यात राखून ठेवलेला मेंदूचा तुकडाही त्यानंच तिच्या प्रयोगशाळेत पाठवला होता.

तिनं डोळा पुन्हा सूक्ष्मदर्शकाला लावला. तिचं कामच ते. उंदरांच्या मेंदूत, मज्जारज्जूत, पेशींना वाचवणारं एक एन्झाइम कुठं कुठं सापडतं ते शोधायचं. ते असेल तिथं तिचा रंग तपकिरी उमटतो. धडधाकट मेंदूत ते तुरळक दिसतं. जखम झाली, की तिच्याभोवतीच्या पेशी ते बनवू लागतात. पण त्याला तास लागतात. मेलेला मेंदू काही बनवत नाही.

आज काचेवर उंदीर नव्हता. तिचा धाकटा भाऊ भुवन होता, कागदाहून पातळ.

जखमेच्या कडेनं तपकिरी पेशी दाटल्या होत्या, फांद्या पसरून. त्या अजून थांबलेल्या नाहीत, असं तिला वाटलं. आपण डोळा काढला, की पुन्हा कामाला लागतील. म्हणून ती डोळा काढेना.

पिरियापट्टणच्या तंबाखूच्या गोदामात भुवन गठ्ठ्यांच्या थप्पीवरून पडला. संध्याकाळी दार लागलं, ते सकाळी उघडलं. गोदामाच्या साहेबांनी घरी येऊन, पायातले बूटही न काढता, सांगितलं, “त्याला काही कळलंसुद्धा नाही.” आई तेवढ्यावर जगत होती. त्यांच्या विजयनगर वस्तीत जो भेटेल त्याला तेच सांगायची. आणि भुवन त्या उग्र वासात, अंधारात, जिवंत पडून होता.

“आईला, वनजाक्कांना सांगू नकोस,” चिदंबर म्हणाला.

“नाही सांगत.”

घरी वनजाबाई अवरेकाईच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

“साहेबांचा फोन आला होता. मुलीला आवरा म्हणाले. काय गं सापडलं तुला?”

“काही नाही, आई. माझ्या कामातलं आहे.”

“मला शाळेतल्या पोरीसारखं गप्प बसवू नको गं, कणे.”

यशस्विनीनं भिंतीकडं बघत सांगितलं. जीव संकटात आला की वाचवायला धावतं, असं काहीतरी डोक्यात असतं. भुवनच्या डोक्यात ते खूप सापडलं.

“म्हणजे कावलुगार.”

राखणदाराला त्यांच्या मराठीत हाच कन्नड शब्द होता. आजोबा-पणजोबा राजवाड्याच्या फाटकावर तेच होते.

“हं. कावलुगारच.”

“मेलेल्याच्या दारात कावलुगार कशाला उभा राहील?”

यशस्विनीनं समोरची एक शेंग सोलायला घेतली.

आईची बोटं शेंगेवर थांबली. तिनं उठून पंखा बंद केला आणि कान देऊन उभी राहिली, कुठूनतरी बारीक हाक येत असल्यासारखी. यशस्विनीनंही नकळत श्वास रोखला. शेवटी आईनं हात पुसले.

“साहेबांना लाव फोन.”

पलीकडून ‘हॅलो’ आलं.

“साहेब, मी भुवनची आई. त्याच्या डोक्यातला कावलुगार रात्रभर जागा होता. तुमच्या गोदामाचा कुठं होता? सांगा.”