साट्याची सून

शुक्रवारी दुपारी बापूचा फोन आला. "बॅग भरून ठेव. सोमवारी तुले न्यायले येतो." एवढं बोलून त्यानं फोन ठेवून दिला. माझा बाप गुलाबसिंग म्हणजे तांड्यातला मोठा माणूस. लोकांच्या भांडणाचा निवाडा करायला त्यालाच बोलावतात, त्यामुळं दुसऱ्याचं ऐकून घ्यायची त्याची सवय कधीच सुटली आहे.

मी फोन हातात धरून अंगणातच उभी राहिले. बाप कशासाठी नेतोय हे न सांगताही कळलं होतं.

आमच्या दोन घरांत साटंलोटं झालेलं. माझा धाकटा भाऊ शाम याला या घरची संगीता दिली आणि संगीताचा भाऊ प्रेम याला मी. एकाच दिवशी, एकाच मांडवात. हुंडा नाही, मानपान नाही, मुलीच्या बदल्यात मुलगी. सतरा वर्षं दोन्ही संसार चालले. मग शाम ढाणकीला जेसीबी चालवायला गेला आणि तिथंच त्यानं दुसरं घर मांडलं. संगीता अकरा वर्षांच्या सोनूला घेऊन माहेरी आली, म्हणजे माझ्या सासरी. आता मंगळवारी पुसदच्या कोर्टात समझोत्याची तारीख होती. घटस्फोट दोघांनाही मान्य होता. संगीताला सोनूचा ताबा हवा होता आणि दोघींचं भागेल एवढी पोटगी. शामलाही सोनूच हवी होती. पोरगी माझ्याकडं आली तर पोटगी कशाची, असं त्याचं म्हणणं.

साट्यात एक मुलगी परत आली की दुसरीनंही परत जायचं, अशी जुनी रीत आहे. संगीता आली तेव्हा बापूनं ही रीत काढली नाही. मला वाटलं, बापाला लेकीची माया आहे. कसली माया! त्यानं हुकमाचा पत्ता तारखेसाठी राखून ठेवला होता. संध्याकाळपर्यंत त्याचा निरोप घरभर पोचला. संगीतानं सोनू शामच्या हवाली करावी आणि पोटगी सोडावी, मग मी इथं सुखानं नांदावं. नाही तर माझाही संसार उठला.

त्या दिवसापासून मला बूड टेकवून बसता येईना. घासलेली भांडी पुन्हा घासली. झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. शेजारीण म्हणाली, "पाहुणे येऊन राह्यले का वं?" मी म्हटलं, "हो, जीप घेऊन येऊन राह्यले."

रात्री जेवताना प्रेमनं ताटातून मान वर न करता विषय काढला. "चार-आठ दिवस जाऊन ये. तारीख होऊ दे. मंग मी येतो न्यायले."

"अन् सोनूचं काय?"

"संगीतानं बी जरा समजून घ्यावं. पोरगी बापापाशी गेली तं मरते काय?"

पलीकडच्या खोलीत संगीता ब्लाउज शिवत होती. तिची मशीन थांबली ती पुन्हा चालू झालीच नाही. मला प्रेमचा असा संताप आला की वाढायला घेतलेली भाजी मी तशीच पातेल्यात टाकली. वाईट माणूस नाही तो. भांडण दिसलं की म्हशीसारखा पाण्यात बसतो, एवढंच.

रविवारी सकाळी मी संगीताच्या खोलीत गेले. ती सोनूचे कपडे घड्या करून शाळेच्या दप्तरात भरत होती. दप्तर काही बंद होत नव्हतं आणि ती एकच फ्रॉक काढत होती, घालत होती.

"हे काय करून राह्यली?"

"वहिनी, तू कुठं जाऊ नको." ती माझ्याकडं बघतही नव्हती. "उद्या मी कोर्टात लिहून देईन. घेऊन जाऊ दे त्याले पोरीले. तुह्ये दोन लेकरं आहेत, माह्यं एकच आहे. कमी नुकसान होते."

"लेकरं काय बकऱ्या होय मोजायले?" मी ओरडलेच. "अन् तारीख उद्या नाही, परवा आहे. तेवढं तरी ध्यानात ठेव."

सोनू दारात उभी होती. कधीपासून होती कोण जाणे. तिनं दप्तराकडं बघितलं आणि मला विचारलं, "आत्या, मले कुठं धाडून राह्यले?"

मी दप्तर उपडं केलं आणि कपडे फळीवर ठेवले. भावाला मी कडेवर घेऊन वाढवलं, त्याच्यावर माझा जीव आहे, तो आजही आहे. पण या पोरीच्या आईला रिकामी करून मी या घरात कोणत्या तोंडानं भाकरी थापणार होते?

सोमवारी जीप आली. शाम चालवत होता, बापू शेजारी पांढरं धोतर सावरून बसला होता. अर्धी वस्ती आमच्या अंगणाभोवती जमली. फुकटचा तमाशा कोण सोडतो? मी बॅग भरली नव्हती. दोन ट्रंका, गाद्यांची वळकटी, भांड्यांचं पोतं असं सगळं बिऱ्हाड मी अंगणात काढून ठेवलं होतं आणि माझी दोन्ही मुलं धुतलेले कपडे घालून ट्रंकांवर बसली होती. प्रेम गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता. रात्रभर त्यानं मला काय करतेस म्हणून विचारलं होतं, मी काही सांगितलं नव्हतं.

बापू खाली उतरला. "हे काय?"

"तूच बोलावलं ना? निघाली मी."

"लेकरं कायले? लेकरं त्यायच्या बापाचे आहेत. ते इथंच राहतीन."

"वा! म्हणजे सोनू बापाची म्हणून शाम नेईन, अन् माह्ये लेकरं बापाचे म्हणून इथं राहतीन. दोन्ही घरच्या बायाच तेवढ्या रिकाम्या हातानं फिरतीन. झ्याक निवाडा आहे बापू तुह्या!"

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. बापूच्या कानशिलावरची शीर ताठ झाली. मला त्याची भीती वाटते, लहानपणापासून वाटते. तरी तोंड सुटलं होतं, ते आता थांबणार नव्हतं.

"मी एकटी येणार नाही. अन् आली तं पाहुणी म्हणून येणार नाही. आजोबाच्या वावरात माह्या हिस्सा आहे. हक्कसोडाची सही तू दिवाळीपासून मागून राह्यला, ते मी करणार नाही. हिस्सा घेईन, वावरात घर बांधीन अन् जिंदगीभर तुह्या डोळ्यापुढं राहीन. बोल, नेतो का?"

"बाई, बापाले हिस्सा मागायची लाज नाही वाटत?" शाम जीपमधूनच म्हणाला.

"घरातली लाज तू ढाणकीले घेऊन गेला. माह्यापाशी कुठून असणार?"

तेवढ्यात प्रेम खांबापासून हलला. त्यानं मुलांना खाली उतरवलं, एक ट्रंक उचलली आणि घरात नेऊन ठेवली. मग दुसरी उचलली. माझा मुलगा वळकटी ओढायला लागला. मला रडू फुटलं, पण बापूसमोर मी ते गिळलं.

बापूनं ट्रंका आत जाताना बघितल्या. मग हळूच बोलला, ओरडला असता तर बरं झालं असतं. "सही नको करू. पण आजपासून माह्या दारात पाय ठेवू नको. मले पोरगी नाही."

जीप धूळ उडवत गेली. वस्ती पांगली. संगीता माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मी मात्र कोरडीच.

मंगळवारी कोर्टात समझोता करून देणारे सदाशिवराव म्हणून म्हातारे वकील होते. दाबायला हातात काही उरलं नाही तसा शामही नरमला. सदाशिवरावांनी सोनूला एकटीला आत नेऊन विचारलं. ती म्हणाली, मी आईजवळ राहीन, पण मले पप्पाले भेटायचं आहे. तसंच ठरलं. ताबा आईकडं, पोटगी दर महिन्याला संगीताच्या खात्यात, आणि एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी सोनूनं बापाला भेटायचं. ढाणकीला नाही, तांड्यावर आजोबांच्या घरी.

"पोरीला सोडायला कोण जाईल?" सदाशिवरावांनी विचारलं.

संगीतानं जाणं शक्य नव्हतं. प्रेमनं खाली बघितलं. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हो म्हटलं.

पहिल्या रविवारी आम्ही एसटीनं तांड्याच्या फाट्यावर उतरलो. घर दिसताच सोनू माझा हात सोडून पळत सुटली. शामनं तिला उचललं आणि तिच्या खांद्यात तोंड खुपसून रडला. त्याचा रागही मला धड करता येईना. बापू ओट्यावर बसला होता. याडी, माझी आई, दारापर्यंत आली. तिनं एकदा माझ्याकडं, एकदा बापूकडं बघितलं आणि ती आत गेली. मी रस्त्यावरून मागं फिरले.

दिवसभर देवळाच्या पायरीवर बसले, उठले, फाट्यापर्यंत गेले, परत आले. बाया थांबून विचारत होत्या, "घरी काहून नाही गेली वं?" मी म्हणायची, "इथं हवा लागते." उन्हानं पायरी तापली होती. सोनूला बापाला भेटायचा हुकूम कोर्टानं काढून दिला. माझ्यासाठी असा हुकूम कोण काढणार होतं?

दिवस कलला तशी वाटेनं सोनू येताना दिसली. तिचा हात धरून बापू चालत होता, स्वतः. मी घाईघाईनं उठले, पदर डोक्यावर घेतला. मनाशी म्हटलं, आला, शेवटी माझा बाप आला.

तो थोडा लांबच थांबला. सोनूच्या डोक्यावरून त्यानं हात फिरवला.

"जा बेटा. मामीसंग जा."

"मामी नाही बापू," सोनू हसली, "आत्या आहे ते."

"मामी," बापू म्हणाला. "तुह्या मामाची बायको." आणि तो वळला.

"बापू!" मी हाक मारली. चारचौघांच्या ओट्यांवर ऐकू गेली असेल एवढी मोठी मारली.

तो सावकाश चालत घरात गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.