रिकाम्या हातांचं चालणं

तेहतीस सालच्या नारळी पौर्णिमेनंतर मांडवीच्या धक्क्यावर सगुणाचा पाय शेवाळावरून सुटला. उजवा गुडघा असा काही फिरला, की त्याचा आवाज म्हणे खाडीपलीकडे भाट्यात ऐकू गेला. दीड महिना पाय फळ्यांत बांधून पडला. फळ्या सुटल्या तेव्हा गुडघा वाकायचंच विसरला होता.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी बजावलं, "रोज सकाळी पांढऱ्या समुद्रावर सपाट वाळूत चालायचं. डोक्यावर, हातात काही नको. तीन महिने नेमानं केलंस तर पाय वाकेल. नाहीतर त्याची काठी होईल."

सगुणाला त्यातलं एवढंच कळलं, की पाय वाकला तर मच्छीबाजारातली जागा आपली. मासळी विकायची तर उकिडवं बसता यायला हवं. तूर्त तिथं सून बकुळा बसत होती, आणि ती इतकी ऐसपैस बसायला लागली होती, की शेजारणींनी आपल्या पाट्या मागं सरकवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगुणा निघाली. आता त्या वाडीत बाई मोकळ्या हातांनी रस्त्याला लागते ती एकाच कामाला, मयताची खबर द्यायला. एरवी हंडा, मोळी, पाटी, निदान कडेवर पोर तरी हवंच. शेजारच्या गोदूबाईनं दारातून तिला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सगुणाचा लेक आनंदा पहाटेच होडी घेऊन गेला होता. म्हणजे गेलाच.

सगुणा परत येते तो पडवीत अकरा बायका गळा काढून बसलेल्या. त्यातल्या एकीनं तर होडी बुडताना डोळ्यांनी पाहिली होती. दुपारी आनंदा सुरमई घेऊन घरी आला, तेव्हा दोघीजणी चिडल्याच. त्यांनी सुतक म्हणून चुली विझवल्या होत्या.

"आये," आनंदा म्हणाला, "चाल बापडी, पण हातात कायतरी घे. मला रोज मारू नको."

म्हणून सगुणानं डोक्यावर रिकामी पाटी घेतली. गोदूबाईनं पाटीत डोकावून पाहिलं.

"पांढऱ्या समुद्रावर चाललीस ना गो? मग एवढी सुकट माझ्या बहिणीकडं टाक."

"डॉक्टरानं वजं नको सांगितलाय."

"मग पाटी कशाला मिरवतेस?"

सगुणानं सुकट पाटीत घेतली. आठवडाभरात पाटीत सुकटीवर नारळ आले, नारळांवर तांदूळ आले. एकीनं तर खुडूक कोंबडी अंड्यांसकट पाठवली. वाट एवढी लांबली, की कोंबडीनं पाटीतच पिल्लं काढली. गुडघा घागरीएवढा सुजला.

"हात रिकामे ठेव म्हटलं होतं ना?" डॉक्टर खेकसले.

"सायेब, तुमच्यात माणसं रिकामी चालतात. मी चालले तर माझा पोर मरतो."

डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत काहीतरी खरडलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी बकुळा म्हणाली, "आत्या, चालताच आहात, तर धक्क्यावरून माझी पाटीपण आणा." सगुणानं आणली. जागा आपलीच तर आहे, तिची थोडी सेवा केली म्हणून काय झालं, असं तिनं मनाशी म्हटलं.

तीन महिने भरले त्या दिवशी ती बाजारात गेली. बकुळा चार बोटं सरकली. सगुणा खाली बसू लागली. गुडघा अर्ध्यावर आला आणि अडला. ती तशीच, ना उभी ना बसलेली, सुनेचा खांदा धरून राहिली. समोरचं गिऱ्हाईक बांगड्यांसाठी ताटकळलं होतं.

"आत्या, तुम्ही पाट्याच आणा," बकुळा त्याच्याकडं बघत म्हणाली. "ते जमतंय तुम्हाला."

तेव्हापासून सगुणा धक्क्यावरून बाजारात दिवसाला सहा खेपा घालू लागली, ताठ पाय ओढत. एके सकाळी डॉक्टरांचा टांगा शेजारी थांबला.

"शाब्बास. चालतेस की. ऐकलंस म्हणून गुण आला."

सगुणाला मान हलवून नाही म्हणायचं होतं. पण डोक्यावर एकावर एक दोन पाट्या होत्या, आणि मान हलली असती तर सगळा बांगडा रस्त्यावर. तिनं मान तशीच धरली. टांगा पुढं गेला.