क्लिपखाली दडलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना लिहायचा पॅड आहे. तुम्ही परीक्षेला नेता ना, वर क्लिप असलेला, तसाच. आता माझा एक कोपरा फुगला आहे आणि पाठीवर रंगवलेला सतरा हा आकडा अर्धा पुसला गेला आहे. पण आयुष्यात एकदा मला असा धक्का बसला, की तो आठवला तरी माझी क्लिप अजून आपोआप घट्ट होते. तो धक्का दुसऱ्या कोणी दिला असता तर मी केव्हाच विसरलो असतो. तो माझ्याच करणीने बसला होता.

लाकडाचा भुसा आणि गोंद एका अवजड यंत्राखाली दाबून मला घडवले. मग एका कामगार बाईने माझ्या डोक्यावर पोलादी क्लिप ठोकली, दोनदा उघडून मिटून पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, "पकड बघ गं याची! याच्या तावडीतून कागद काय, माशीसुद्धा सुटायची नाही." मी केवढा फुगलो! माझी पकड हीच माझी अब्रू, असे मी त्या दिवशी ठरवून टाकले.

आम्ही चाळीस भावंडे आकडेवारीच्या सरकारी कार्यालयात गेलो. मी एका बाईंच्या वाट्याला आलो. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी ठरलेल्या दुकानांत जायचे, ठरलेल्या वस्तूंचे भाव विचारायचे आणि तक्त्यात लिहायचे, हे त्यांचे काम. दुकानदार त्यांना भावताई म्हणत. कारण त्या यायच्या, भाव विचारायच्या आणि काही न घेता निघून जायच्या.

"भावताई, नऊ वर्षं झाली हो," साबणवाला म्हणायचा. "एकदा तरी वडी घ्या!"

"भाव उतरू दे, घेते," भावताई म्हणायच्या. मग दोघेही हसत.

तुम्हाला वाटेल, यात काय अवघड? मलाही तसेच वाटे. पण पहिल्याच महिन्यात साहेबांनी भावताईंना समोर बसवून सांगितलेले मी ऐकले होते. "पोराची उंची आज अनवाणी मोजली आणि पुढच्या वर्षी बूट घालून मोजली, तर पोरगं वाढलं की टाच वाढली, कसं कळणार? म्हणून वस्तू तीच हवी. तोच साबण, तेवढ्याच वजनाचा, त्याच दुकानातला. वडी चार ग्रॅमनी लहान केली आणि भाव तोच ठेवला, तर तो साबण महागच झाला, ताई. नुसता आकडा बघून फसायचं नाही."

दुसरीही एक गोष्ट मी तिथेच शिकलो. सगळ्या भावांना सारखे महत्त्व नसते. घरभाडे थोडे वाढले तर घरातले सगळेच हवालदिल होतात. सुईचा भाव दुप्पट झाला तरी कोणी मान वर करून बघत नाही. मग कशाला किती महत्त्व द्यायचे? त्यासाठी कार्यालय काही घरांना एक पातळ वही देते. त्या घराने दोन आठवडे आपला सगळा खर्च त्यात लिहायचा. दूध, दवाखाना, बसचे तिकीट, बटणे, सगळे. अशा हजारो वह्या एकत्र केल्या, की लोकांच्या शंभर रुपयांतले किती भाड्याला जातात, किती खाण्याला आणि किती प्रवासाला, ते दिसते. त्या वह्यांचे काम मात्र दुसऱ्या विभागाकडे होते. भावांचा तक्ता माझ्याकडे, वह्या त्यांच्याकडे. आमची कधी गाठ पडली नव्हती.

माझ्या तक्त्यात विमानाचे तिकीटही होते. ते विचारायला आम्ही प्रथम गेलो, तेव्हा मी चक्रावलोच. तिकीटवाल्या काकांच्या छोट्या ऑफिसात आमच्यापुढे दोघे जण होते. दोघांना एकाच विमानाने एकाच गावी जायचे होते. त्यांच्या खुर्च्याही शेजारीशेजारी. एकाने महिनाभर आधी पैसे भरून ठेवले होते, त्याचे तिकीट चार हजारांचे. दुसऱ्याला उद्याच निघायचे होते, त्याचे नऊ हजारांचे. "एकाच विमानात?" दुसरा ओरडला. "मला काय वैमानिकाच्या मांडीवर बसवणार आहात?" मी थक्क झालो. साबणाच्या वडीला सकाळी एक भाव आणि दुपारी दुप्पट, असे कधी असते का?

भावताई मात्र शांत होत्या. त्यांनी प्रश्न पक्का करून ठेवला होता. महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारचे, सकाळचे विमान, बंदराच्या शहरापर्यंत, एका मोठ्या माणसाचे, साधी खुर्ची, सहा आठवडे आधी घेतलेले. काका हसून म्हणायचे, "तुमचं ते ऐटबाज तिकीट ना? अहो, कधीतरी जाऊन या तिकडे!" आणि भाव सांगायचे. माझ्यावर आकडा उमटायचा.

अशी वर्षे गेली. मग एकदा वरच्या कार्यालयातून नवा तक्ता आला. सोबत चार ओळींचे पत्रसुद्धा नव्हते. शिपाईकाका सकाळीच आमच्या तोंडात कागद अडकवून ठेवत आणि संध्याकाळी काढून घेत. त्या दिवशीही त्यांनी ते अडकवले. मी नेहमीसारखा जबडा आवळला आणि आम्ही निघालो.

त्या महिन्यात तिकीटवाल्या काकांनी आकडा सांगितला आणि भावताईंची पेन्सिल थबकली. आदल्या महिन्यात तीन हजार आठशे होते. आता तीन हजार! "काका, नक्की ना?" त्यांनी दोनदा विचारले. "हेच आहे बघा," काकांनी संगणकाचा पडदा फिरवून दाखवला. तारीख तीच, विमान तेच, खुर्ची तीच. भावताईंनी लिहून घेतले.

पुढे शहराच्या महागाईचे आकडे जाहीर झाले आणि वर्तमानपत्रात ठळक बातमी आली : विमानप्रवास झाला स्वस्त. साहेबांनी ते कात्रण चार पिना लावून फळ्यावर टाचले. त्यानंतरही आकडा तीन हजारांच्या आसपासच राहिला. भावताईंचे कौतुक झाले. त्यांचा एक भाव कधी चुकला नव्हता की एक महिना हुकला नव्हता. त्यांना निरीक्षक करायचे ठरले. निरीक्षकाला खुर्ची असते, मित्रांनो. त्याला जिने चढावे लागत नाहीत. आणि भावताईंचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून असा दुखे, की प्रत्येक पायरीवर त्या मला छातीशी धरून कठड्याला टेकत. मला त्यांचा श्वास ऐकू यायचा. सोमवारी बढतीचे पत्र हातात पडणार होते.

त्याआधीच्या गुरुवारी वह्यांच्या विभागातला माणूस रजेवर होता. "ताई, वाटेत एका शिंपीणबाईंची वही तेवढी घेऊन याल का?" साहेबांनी विचारले. भावताई हो म्हणाल्या. माझ्या नशिबाचे चाक तिथे फिरले.

शिंपीणबाई चौथ्या मजल्यावर राहत. त्यांची वही इतकी नेटकी होती, की प्रत्येक दोऱ्याच्या रिळाचा रंगसुद्धा लिहिलेला. भावताई पाने चाळत होत्या. एका पानावर त्या थांबल्या. लिहिले होते : विमानाचे तिकीट. आणि त्याखाली वेगळ्या ओळीत : बॅगेचे नऊशे. पुढे लाल शाईने एकच शब्द : लुटारू.

"हे बॅगेचे वेगळे कसले?" भावताईंनी विचारले. "बॅग तिकिटातच असते ना?"

"कुठल्या जगात राहता, बाई?" शिंपीणबाई शिवणयंत्र थांबवून म्हणाल्या. "वर्ष उलटलं! तिकीट स्वस्त केलं आणि बॅगेचे पैसे वेगळे लावले. मी म्हटलं विमानतळावरच्या त्या पोरीला, मग काय लेकीच्या बाळाची सोळा झबली मी अंगावर चढवून जाऊ? तर म्हणते, चालेल!"

भावताई हसल्या नाहीत. जिन्यात येऊन त्यांनी वही ठेवायला माझी क्लिप उघडली. कागद आत सरकवणे हे शिपाईकाकांचे काम. भावताई बाहेर कधी माझी क्लिप उघडत नसत. तक्ता घसरून पायरीवर पडला. त्यांनी तो उचलला. आणि त्याच्या अगदी वरच्या कडेला, जिथे माझा जबडा बसे, तिथे एक ओळ होती. चौदा महिन्यांत ती त्यांनी एकदाही पाहिली नव्हती.

'तिकिटात वीस किलोची बॅग धरली आहे का? नसल्यास तिचे वेगळे भाडे लिहा.'

भावताईंनी पायरीवर बसून ती ओळ पुन्हा वाचली. आणि मी? माझ्या अंगातला भुसा न् भुसा हादरला. ती ओळ मी दाबून धरली होती. मी! ज्या पकडीचा मला एवढा तोरा, त्याच पकडीने. वस्तू तीच हवी, हे मी साहेबांच्या तोंडून ऐकले होते. आणि बॅगेसकटचे तिकीट जाऊन बिनबॅगेचे तिकीट आले, तरी मी तोंड आवळून बसलो होतो. ताज्या आकड्यात, म्हणजे तीन हजार शंभरात, नऊशे मिळवले तर चार हजार होत होते. तिकीट स्वस्त झालेच नव्हते. ते महागले होते!

कार्यालयात जाऊन त्यांनी कपाटातून जुने तक्ते काढले. चौदाच्या चौदा कागदांवर त्याच ओळीवर माझ्या दातांचा व्रण होता. त्या ओळीपुढची चौकट चौदाही वेळा रिकामी. आणि रिकामी म्हणजे वेगळे भाडे नाही, असे समजून साहेबांनी खाली चौदा सह्या केल्या होत्या.

भावताईंनी मला घरी नेले. त्यांचे वडील निवृत्त पोस्टमन. दोघे टेबलाशी बसले, मी मध्ये.

"कोणाला कळलंय?" वडिलांनी विचारले.

"कोणालाच नाही, बाबा. आणि तिकिटाचा वाटा शंभरातला अर्धा रुपयासुद्धा नाही. या आकड्यांवर तुमची पेन्शन वाढते खरी, पण तीत दिसणारही नाही एवढा फरक."

"आणि सोमवार?"

भावताईंनी गुडघ्यावरची शेकायची पिशवी इकडची तिकडे केली.

वडिलांनी मला उचलले आणि माझी क्लिप उघडून मिटून पाहिली. मला तर कुठे तोंड लपवावे कळेना. "खरं सांगू? नको बोलूस, असं म्हणायला तोंड उघडलं होतं मी," ते म्हणाले. "तुझे हाल बघवत नाहीत गं. पण मी चुकून भलत्याच घरात टाकलेलं पत्र कधी तिथेच सोडलं नाही. परत जायचो, शिव्या खायचो, घेऊन यायचो. एकदा तर कुत्रंही चावलं."

"दोनदा चावलं, बाबा."

"दुसऱ्यांदा चूक कुत्र्याची होती."

त्या हसल्या, आणि मग डोळे पुसले. तेव्हाच मला कळले, की त्या सोमवारी काय करणार.

सोमवारी साहेबांच्या टेबलावर पत्र तयार होते. भावताईंनी त्याच्या शेजारी चौदा तक्ते ठेवले आणि त्यांच्यावर मला. साहेबांनी एक पाहिला, दुसरा पाहिला. मग चौदाही मोजले. "चौदा महिने?" ते पुटपुटले. "ताई, हा एवढासा वाटा. आतापर्यंत कोणाच्या लक्षातही..."

"साहेब, पोराची उंची आपण आधी बुटासकट मोजली आणि मग अनवाणी. हे तुम्हीच शिकवलंत मला."

साहेब उठले. फळ्याजवळ गेले. त्या कात्रणाच्या चारही पिना त्यांनी एकेक करून काढल्या. मग पत्र खणात ठेवले. "हे आज देता येणार नाही," ते हळूच म्हणाले. "आणि वर कळवताना मी तुमच्या आधी माझं नाव लिहीन. सह्या माझ्या आहेत."

"कळलं, साहेब. मी निघू? साबणाचा भाव घ्यायचाय."

पुढचे तीन आठवडे भावताई आणि तिकीटवाले काका जुनी बिले शोधत बसले. चौदाही महिन्यांचे बॅगेचे भाडे सापडले. आकडे सुधारून पुन्हा छापले गेले. वर्तमानपत्रात त्याची बातमी आली ती आतल्या पानावर, बोटभर. त्यानंतर आणखी दोन वर्षे भावताई जिने चढल्या. मग ते पत्र खणातून बाहेर आले. ते हातात घेताना त्यांचा गुडघा इतका बिघडला होता, की खुर्चीत बसायलाही त्यांना साहेबांचा हात धरावा लागला.

मी आता कार्यालयाच्या खिडकीशी पडून असतो. भाव घ्यायला एक नवी मुलगी येते, तिच्याकडे काचेचा टॅब आहे. त्यावर तक्ता उघडला, की सगळ्यात वर दोन बोटे जागा कोरी दिसते. त्या दिवसानंतर वरून हुकूम निघाला होता, की प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर दोन बोटे जागा मोकळी सोडावी. कागद गेले, क्लिपा गेल्या, हुकूम मात्र राहिला. "ही जागा वाया कशाला?" परवा ती मुलगी विचारत होती. कोणालाच सांगता आले नाही.

मला जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही, मित्रांनो. माझे झाले. पण उद्या परीक्षेला तुम्ही माझ्यासारख्या एखाद्या पॅडला कागद लावाल, तेव्हा लिहायला लागण्यापूर्वी एकदा क्लिप उचला आणि तिच्याखाली काय आहे ते वाचा. आम्ही पॅड फार इमानी असतो. दिलेले घट्ट धरून ठेवतो. खाली काय दडपले गेले, ते आम्हाला सांगता येत नाही.