चिठ्ठीतला इंग्रजी शब्द

खाणीच्या हजेरी कचेरीत हिरालालबाबूने डॉक्टरांची चिठ्ठी उजेडाकडे धरली, एका शब्दावर बोट ठेवले आणि तो हसला.

"लग्झरी. मतलब ऐशआराम. डॉक्टरने साफ लिखा है, इसको आराम की आदत लग गई. सोमवार को काम पे नहीं आया, तो कंपनी का कमरा खाली करो."

अनुसयाने नवऱ्याकडे पाहिले. दोन दिवसांपूर्वी दगडाची टोपली उचलताना महागूचा डावा खांदा निखळला होता. डॉक्टरांनी तो बसवला, हात गळ्यात बांधून दिला आणि त्याच संध्याकाळी ते रजेवर जबलपूरला गेले. बालाघाटच्या मोठ्या दवाखान्यात विचारायला जावे, तर गाडी थेट उद्या. आज शनिवार होता; उद्या रविवारी दवाखाना बंद.

घरी येताच महागू गळ्यातली पट्टी सोडू लागला.

"काहून सोडता?"

"एका हातानं टोपली नाही उचलता येत का? खोली गेली तं पोरीले घेऊन कुठं जाशीन?"

आवाज अगदी बारीक. गाठ सुटत नव्हती. अनुसयाने त्याची बोटे क्षणभर धरून ठेवली. मग चिठ्ठी पोलक्यात खोचून ती शाळेकडे निघाली. वाटेत दोनदा थांबली. डॉक्टरांनी खरेच तसे लिहिले असेल तर?

प्रेमलाल गुरुजींनी जाड शब्दकोश उघडला. त्यांचे बोट पानावरून खाली सरकत होते, तिची नजरही बोटामागे सरकत होती.

"हे लग्झरी नाही, बाई. लक्सेशन. हाड जागेवरून सरकणं. तीन आठवडे काम नको, असं लिहिलंय." त्यांचे बोट तिथेच रेंगाळले. "गंमत पाहा, लग्झरीही याच पानावर आहे. दोन्ही शब्द एकाच जुन्या लॅटिन शब्दातून निघाले असावेत, असं म्हणतात. जागा सोडलेलं हाड आणि मर्यादा सोडलेलं सुख."

अनुसयाला गंमत दिसली नाही. आता तिला निराळीच भीती वाटू लागली होती. बाबूची चूक बाबूला सांगायची कशी? चिडून त्याने उद्याच खोली काढून घेतली तर?

ती कचेरीत पोचली तेव्हा हिरालाल एकटाच होता. ती दाराशीच उभी राहिली.

"बाबूजी, गुरुजी म्हणत होते, तो शब्द दुसरा हाये. हाड सरकलं, असा."

हिरालालचा चेहरा उतरला. त्याने आधी साहेबांच्या बंद दाराकडे पाहिले, मग उठून खिडकी लावली.

"साहब को बताया?"

असाच बारीक, धास्तावलेला आवाज तिने थोड्या वेळापूर्वीच घरी महागूचा ऐकला होता. ती पुढे झाली आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"मले इंग्रजी कुठं येते, बाबूजी? तुमीच वाचा एक डाव."

तो एकेक अक्षर जुळवत वाचू लागला. "लक्... से... शन." कपाळ पुसून त्याने तीन आठवड्यांची रजा लिहिली आणि शिक्का मारला. शिक्का नीट उमटला नाही. त्याने पुन्हा मारला.

ती बाहेर पायरी उतरू लागली. मागून चपला वाजल्या.

"बाई," हिरालाल आजूबाजूला पाहत म्हणाला, "गुरुजी शाम को कितने बजे तक मिलते हैं? मुझे भी अंग्रेजी के दो-चार शब्द पूछने हैं."